डफावरच्या दोन मुंबया

मुंबईवरच्या दोन गाजलेल्या लावण्या सांगली जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातून आल्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी ब्राह्मण घरातून उठून तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मले. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ म्हणून ओळखतो. दोघांच्या जन्मात अर्धशतकाहून थोडं अधिक अंतर. शहर तेच, लावणीचा बाज तोच, आणि तरीही दोघांच्या गाण्यातली मुंबई वेगवेगळी आहे.

बापूरावांची मुंबई डोळे दिपवते. रावणाची सोन्याची लंका आठवावी असं तिचं वैभव. घाट उतरून पहिल्यांदा या शहरात आलेल्या माणसाचा जीव जसा हरखून जातो, तसं ते मोकळ्या मनाने केलेलं कौतुक आहे. अण्णा भाऊ हे वैभव नाकारत नाहीत. ते फक्त विचारतात, यातलं कुणाच्या वाट्याला काय आलं? त्यांच्या लावणीत मलबार हिल इंद्राच्या नगरीसारखी उंचावर बसलेली आहे, तिथे कुबेराची माणसं राहतात. लगेच खाली परळ येतं, तिथे रात्रंदिवस राबणारी आणि मिळेल ते खाऊन घाम गाळणारी माणसं आहेत. मधे पाल्हाळ नाही, स्पष्टीकरण नाही. दोन वस्त्यांची नावं शेजारी ठेवली, की ऐकणाऱ्याला सगळं उमगतं.

मुंबईच्या भूगोलाने हे काम आधीच करून ठेवलं होतं. गव्हर्नरचा बंगला पूर्वी परळलाच होता. आज तिथे हाफकिन संस्था आहे. परळच्या आसपास गिरण्यांची धुराडी उभी राहिली, वस्ती दाटली, साथी आल्या आणि १८८० च्या दशकात गव्हर्नरसाहेब मलबार पॉइंटला समुद्राच्या वाऱ्यावर राहायला गेले. शेटसावकारांचे बंगलेही त्याच टेकडीवर. मागे उरलं ते गिरणगाव: परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा. तेव्हा ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द अण्णा भाऊंना कल्पनेतून आणावे लागले नाहीत. शहरातले लोक सकाळ-संध्याकाळ ते पाहत होते.

कष्टकरी आणि सुखवस्तू यांच्यातली दरी जगभरच्या गाण्यांत आहे. मराठीत ती सगळ्यात ठसठशीतपणे उमटली ती गिरणगावात. याचं कारण तिथल्या राहणीत शोधावं लागतं. पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या काही पिढ्यांत कोकण आणि घाटावरची लाखो माणसं इथे आली. बहुतेक पुरुष एकटे, बायकापोरं गावाला. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात एका गावचे, एका भावकीचे कितीतरी गडी पाळीपाळीने राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी पाठ टेकणार. जेवण खानावळीतल्या बाईच्या हातचं, हिशेब पगाराच्या पगाराला. सकाळी भोंगा वाजला की रस्ते माणसांनी भरून वाहायचे. या माणसांकडे मालकीचं काही नव्हतं, पण गाणं होतं. चाळीत भजनी मंडळं होती, कोकणी गड्यांचा नाच होता आणि घाटावरच्या गड्यांसाठी लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकी घुमत होती. पुढे आलेल्या शाहिरांना श्रोता घडवावा लागला नाही. कान तयारच होते.

अण्णा भाऊ याच वस्तीतले. शाळेत ते दोन दिवससुद्धा धड गेले नाहीत. लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, पडेल ते काम केलं, गिरणीतही राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहताना त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रचनांत कॅम्पातल्या डासांवरचा पोवाडा आहे. पोवाडा म्हणजे वीरांची गाथा. तो डासांवर रचावा असं ज्याला सुचतं, त्याला आपल्या माणसांची झोप रोज रात्री कोण मोडतं ते चांगलं ठाऊक असतं. पुढे १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला आणि बंगालच्या दुष्काळावरही लिहिलं. परळच्या मैदानात बसलेल्या गिरणी कामगाराला व्होल्गाकाठचं शहर आणि कलकत्त्याच्या फुटपाथवरचे भुकेले लोक आपले वाटू लागले, ते डफाच्या साथीने.

१९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊंबरोबर शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर होते. अमर शेख मूळचे बार्शीचे. गिरणीत त्यांनी काम केलेलं आणि आवाज असा पहाडी, की मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा ही जोडी महाराष्ट्रभर फिरली.

या कलापथकाने तमाशाच्या साच्याला जपून हात घातला. तमाशाची सुरुवात गणाने होते, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, बतावणी, वग. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदन मातृभूमीला, तिच्यासाठी मेलेल्यांना आणि श्रमणाऱ्या माणसांना केलं. श्रोता ओळखीच्या चालीवर मान डोलवायला लागतो न लागतो, तोच त्याच्या लक्षात येई की जिथे देवाचं नाव यायचं तिथे आपलं नाव आलंय. वगांत शेटजी, सावकार, पुढारी आणि काळाबाजारवाले पात्रं होऊन आले. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावं वाचली तरी रोख कळतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा हाच ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने पुन्हा उभा राहिला.

शाहिरी गाण्याची ताकद शब्दांइतकीच त्याच्या मांडणीत असते, आणि हे कागदावर वाचताना निसटतं. पुढे मुख्य शाहीर डफ घेऊन उभा. मागे तुणतुणं, झांज आणि झीलकरी. शाहीर कडवं सांगतो, प्रसंग वाढवत नेतो आणि शेवटचा तुकडा झीलकऱ्यांकडे टाकतो. ते तो उचलतात, वर चढवतात, परत करतात. असं चार वेळा झालं की समोर बसलेली माणसंही तो तुकडा उचलू लागतात. आता त्या तुकड्यात प्रश्न घाला: ही गिरणी कुणाच्या घामावर चालते? पहिल्यांदा तो शाहिराचा प्रश्न असतो, दुसऱ्यांदा साथीदारांचा, चौथ्यांदा हजार गळ्यांचा. जो कामगार खात्यात जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढे, एकटा तोंड उघडू शकत नाही, त्याला इथे मालकाचं नाव घेऊन मोठ्याने जाब विचारता येतो. भाषणात हे होत नाही. भाषण ऐकायचं असतं, शाहिरी म्हणायची असते.

अण्णा भाऊंच्या सगळ्या रचनांत लोकांच्या तोंडी राहिली ती ‘माझी मैना’ ही छक्कड. गरिबीपायी गडी मुंबईला निघाला आहे, बायको गावाला राहते आहे. लावणीच्या रिवाजाप्रमाणे तो तिच्या रूपाचं वर्णन करतो, निरोपाच्या वेळची घालमेल सांगतो. इथवर हे विरहाचं गाणं आहे. मग तो मुंबईत पोचतो आणि गाण्याचा नूर पालटतो: बेकारांची गर्दी, त्या गर्दीत मिसळून गेलेला तो, आणि भोवती दुसऱ्यांच्या मालकीची श्रीमंती. तिथून गाणं आणखी एक वळण घेतं आणि गावाला राहिलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार असा महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, सीमाभाग बाहेर राहिला, आणि त्यामुळे हे गाणं आज मुख्यतः सीमाप्रश्नाच्या संदर्भात आठवलं जातं. पण त्याचा कणा आहे तो पोट भरण्यासाठी घर सोडावं लागलेल्या माणसाचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार इतक्या संख्येने का उतरला, याचं उत्तर या एका रचनेत सापडतं. मुंबई कुणाची, या प्रश्नात त्याला दोन प्रश्न ऐकू येत होते: ती कुठल्या भाषेची आणि कुठल्या वर्गाची?

गावाला राहिलेली मैना स्वतः काय म्हणत होती? तिचं गाणं जात्यावर होतं. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना बाई एकटी असते किंवा जोडीला सासू-जाऊ. तिथे घोषणा नाही, मैदान नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, दारिद्र्य आणि कष्ट यांचा हिशेब दोन-तीन ओळींत मांडलेला असतो. नारायण सुर्व्यांनी डोंगरी शेतावर राबणाऱ्या बाईचं गाणं लिहिलं, ते पुढे स्त्रियांच्या चळवळीतही गायलं गेलं. सुर्वे हे गिरणी कामगाराच्या घरात वाढलेलं अनाथ मूल. त्या बाईचा आवाज त्यांना नेमका सापडला. पीक कुणी काढायचं आणि घरी कुणी न्यायचं, हा प्रश्न त्यांनी ओवीच्या जवळ जाणाऱ्या लयीत विचारला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मलबार हिल वर आणि परळ खाली, एवढ्यावर गिरणगावाचं चित्र पुरं होत नाही. खुद्द परळातही पायऱ्या होत्या. गिरणीत विणकाम खात्याला पगार बरा मिळे, पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातल्या कांडीचा धागा कामगाराला तोंडाने ओढून घ्यावा लागे; अस्पृश्याच्या तोंडाचा धागा आपल्या तोंडाला नको, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं. मालक आणि मजूर ही दरी खरीच होती, पण मजुरांच्या आतली ही दरीही तितकीच खरी होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची गाणी गाणाऱ्यांना त्याचं उत्तर फार काळ देता आलं नाही. अण्णा भाऊ स्वतः त्या दुहेरी ओझ्याखालून आलेले होते. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला त्यांनी पृथ्वी शेषाच्या फण्यावर नसून दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, अशा आशयाची मांडणी केली, त्यात दोन्ही शब्द जोडीने येतात.

ही जोडी गाण्यात सगळ्यात सहज कुणी आणली असेल तर वामनदादा कर्डकांनी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मुंबईत गिरणी कामगार म्हणून आले. चाळीत एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि आपल्याला अक्षरओळख नाही हे सांगताना त्यांना रडू कोसळलं. मग ते दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले आणि हजारो गाणी रचून गेले. त्यांच्या एका प्रसिद्ध गाण्यात ते टाटा, बिर्ला आणि बाटा यांची नावं घेऊन विचारतात, धनाचा एवढा साठा झाला, त्यात आमचा हिस्सा कुठे आहे? नावांची निवड पाहा. टाटा रस्त्यावरच्या ट्रकवर लिहिलेला, बाटा दुकानाच्या पाटीवर, बिर्ला वर्तमानपत्रात. अर्थशास्त्राचा एक शब्द न वापरता भांडवल या तीन नावांत आलं. आणि विचारणारा ‘आम्ही’ कोण, हे गाणं ज्या सभांत गायलं गेलं त्या भीमजयंतीच्या मंडपातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मालकाकडे हिस्सा मागणारा कामगार आणि माणूसपण मागणारा दलित तिथे एकाच आवाजात बोलतात. गाण्याची चाल साधी, पोरंटोरंही म्हणू शकतील अशी. साहित्याच्या इतिहासात या गाण्याला पानभर जागा मिळायला हवी होती.

याच शहरात हिंदी सिनेमाही लिहिला जात होता आणि तिथल्या गीतकारांची नाळ गिरण्या-कारखान्यांशी जुळलेली होती. शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. राज कपूरने गाणी मागितली तेव्हा त्यांनी आधी नकार दिला आणि पुढे घरखर्चाची अडचण आल्यावर होकार. मोर्च्यांत आजही दिली जाणारी एक लोकप्रिय घोषणा त्यांच्याच कवितेतली आहे. मजरूह सुलतानपुरींनी मुंबईतल्या कामगारांच्या सभेत सरकारविरोधी कविता म्हटली म्हणून तुरुंगवास भोगला. १९५७ च्या ‘प्यासा’तली साहिर लुधियानवींची गाणी आजही अस्वस्थ करतात. तरी फरक जाणवतो. सिनेमातला गरीब नायक बहुधा एकटा असतो, त्याचं दुःख सुंदर असतं आणि तीन तासांनी दिवे लागतात. शाहिराचा कामगार गर्दीत असतो, आणि गाणं संपल्यावर ती गर्दी मोर्च्याला निघते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही; गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या आणि ज्या माणसांसाठी ही गाणी रचली होती त्यांचं गिरणगावच उठलं. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, धुराड्यांच्या शेजारी काचेचे मनोरे उभे राहिले. शेटजींनी चढण्याची टेकडी आता एकच राहिली नव्हती. परळातच पन्नास मजल्यांवर मलबार हिल तयार झाली. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे. त्यांच्यापुढे ठेवलेल्या घरांत कर्जतच्या वाटेवरच्या शेलू आणि वांगणीचीही घरं आहेत.

गाणं मात्र गिरणीबरोबर बंद पडलं नाही. ते झोपडपट्टीत गेलं. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात झोपड्या पाडल्या जाणाऱ्या मुंबईची गोष्ट आहे आणि त्यात शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी घोगरेंनी आयुष्य संपवलं. त्यांच्या गाण्यांच्या आणि त्या मृत्यूच्या मागावर पटवर्धन चौदा वर्षं राहिले. त्यातून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ आला. गिरणगावाच्या काळापासून अर्धवट राहिलेला जात आणि वर्ग यांचा संवाद या नावातच आहे. २०१४ च्या ‘कोर्ट’ या मराठी सिनेमात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यापायी खटला चालतो. त्यातली गाणी संभाजी भगतांची. ती ऐकताना डफाची जुनी ताकद आजच्या भाषेत कशी बोलते ते कळतं. मॉल, जाहिरात, बाजार ही त्यांची नवी टेकडी आहे.

आणि आता रॅप. धारावी, कुर्ला, अंधेरीच्या गल्ल्यांतली मुलं कॉम्प्युटरवर ठेका बनवून स्वतःच्या वस्तीची नावं गाण्यात घेतात. नेझी आणि डिव्हाइन यांचं २०१५ चं गल्लीवरचं गाणं गाजलं, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ने ते घराघरांत नेलं. वस्तीचं नाव अभिमानाने उच्चारणं हे अण्णा भाऊंच्या परंपरेतलंच. पण एक मोठा बदल झाला आहे: लाल बावट्याच्या आणि वामनदादांच्या गाण्यात बोलणारा ‘आम्ही’ होता, या सिनेमाच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात बोलणारा ‘मी’ आहे. आपली वेळ येईल, आपण वर जाऊ, ही त्याची जिद्द आहे. ती जिद्द खरी आहे आणि पोरांनी ती कमावलेली आहे. पण परळातल्या सगळ्यांना मलबार हिलवर नेणारं गाणं ते नव्हे.

ज्यांनी ‘आम्ही’ सोडला नाही असेही आहेत. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये मुंबईतल्याच आरेच्या जंगलातल्या आदिवासींवर एक गाणं काढलं. त्यात आरेतच राहणारे लोककलावंत प्रकाश भोईर गातात आणि एमसी मवाली हा रॅपर मराठीत बोलतो. जमीन कुणाची, जंगल कुणाचं आणि शहराची वाढ कुणाच्या दारातून जाते, हा त्याचा विषय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, विरोध करणाऱ्यांना अटक झाली. भोईरांच्या पाड्यावरचे लोक आरेत आपल्या जमिनीचा हक्क अजून मागताहेत.